‘दहापट फास्ट’ म्हणे! पण मोजलं कुणी? वेब फ्रेमवर्कच्या बातम्यांवर किती विश्वास ठेवायचा

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला मावसभावाचा मेसेज आला. तो लातूरला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका इंग्रजी टेक साइटवरच्या बातमीचा स्क्रीनशॉट आणि खाली एकच ओळ: "दादा, रिअ‍ॅक्ट संपलं का? क्लासचे पंचवीस हजार भरलेत."

मी बातमी उघडली. मथळ्यात ‘रिअ‍ॅक्टचे दिवस भरले’ अशा अर्थाचं काहीतरी होतं. आत एका नव्या फ्रेमवर्कचं कौतुक, एक रंगीत आलेख, आणि आलेखात नव्याची पट्टी एवढीशी तर रिअ‍ॅक्टची लांबलचक. आलेख कुणी काढला ते शोधत खाली गेलो. तो ज्यांनी ते नवं फ्रेमवर्क बनवलं, त्यांनीच काढला होता. बातमी लिहिणाऱ्याने स्वतः काहीही चालवून पाहिलेलं नव्हतं.

आपलंच ताक कोण आंबट म्हणेल? पण मावसभावाला ते कसं कळणार? त्याच्यासाठी ती ‘बातमी’ होती, आणि बातमी म्हणजे कुणीतरी तपासलेली गोष्ट असं आपण धरून चालतो. म्हणून आज हाच विषय घेतोय.

आधी थोडं बेसिक

तुम्ही मोबाइलवर एखादी शॉपिंग साइट उघडता, कार्टमध्ये वस्तू टाकता आणि पूर्ण पान रिफ्रेश न होता वरचा आकडा बदलतो. हे काम प्रत्येक डेव्हलपर पहिल्यापासून लिहीत बसत नाही. त्यासाठी तयार सांगाडा मिळतो, त्याला म्हणायचं फ्रेमवर्क. गूगलचं अँग्युलर, फेसबुकने २०१३ मध्ये खुलं केलेलं रिअ‍ॅक्ट, इव्हान यू या डेव्हलपरने २०१४ मध्ये आणलेलं व्ह्यू, रिच हॅरिसचं स्वेल्ट ही त्यातली मोठी नावं. रिअ‍ॅक्टवाले स्वतःला ‘लायब्ररी’ म्हणवतात, पण आपल्या कामापुरता तो फरक बाजूला ठेवू. ही सगळी ओपन सोर्स आहेत. म्हणजे कोड उघडा आहे, वापर फुकट आहे, आणि कुणीही तपासू शकतो.

आता ‘ट्रेड प्रेस’. एखाद्या धंद्यातल्या लोकांसाठीच जी वर्तमानपत्रं, मासिकं, साइट्स चालतात ती. शेतकऱ्यांसाठी शेतीचं दैनिक असतं ना, तसं सॉफ्टवेअरवाल्यांसाठी इन्फोवर्ल्ड, द रजिस्टर, इन्फोक्यू, द न्यू स्टॅक वगैरे. इथे एक मथळा आला की तो यूट्यूबवर जातो, तिथून क्लासच्या जाहिरातीत आणि शेवटी मावसभावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर.

७२ मिलिसेकंदांची गोष्ट

ऑक्टोबर २०२२. नेक्स्ट जेएस हे रिअ‍ॅक्टवर उभं असलेलं फ्रेमवर्क बनवणाऱ्या व्हर्सेल कंपनीने आपल्या परिषदेत टर्बोपॅक नावाचं नवं टूल जाहीर केलं. डेव्हलपरने कोडमध्ये बदल केला की तो ब्राउझरमध्ये पटकन दिसावा, यासाठी फाइल्स जोडून देणारं हे टूल. दावा काय होता? जुन्या वेबपॅकपेक्षा ७०० पट आणि व्हीटपेक्षा १० पट वेगवान अपडेट्स. (या व्हीटचा उच्चार खरं तर आपल्या घराच्या विटेसारखा, ‘वीट’. फ्रेंच शब्द आहे, अर्थ ‘झटपट’.) व्हीट कुणाचं? व्ह्यू बनवणाऱ्या इव्हान यूचं. म्हणजे सामना दोन टूल्सचा दिसत असला तरी मागे दोन वेगळे तंबू होते.

‘दहापट’ हा आकडा लगेच सगळीकडे गेला. आकडा गोल, लक्षात राहणारा, मथळ्यात बसणारा.

काही दिवसांतच इव्हान यूने स्वतः मोजणी करून उत्तर दिलं. त्यात तीन मुद्दे होते आणि तिन्ही समजायला इंजिनिअर असायची गरज नाही.

पहिला मुद्दा, स्पर्धेचे नियम. रिअ‍ॅक्टचा कोड ब्राउझरला समजेल असा करण्यासाठी टर्बोपॅककडे रस्ट भाषेत लिहिलेलं वेगवान यंत्र होतं. व्हीटच्या बाजूला मात्र बाबेल हे जुनं, संथ यंत्र लावलेलं. व्हीटलाही तेच वेगवान यंत्र जोडता येतं. आता याला दुसरी बाजूही आहे. व्हीटमध्ये तेव्हा बाबेल हेच ठरलेलं सेटिंग होतं आणि बहुतेक लोक ठरलेलं सेटिंगच वापरतात, मग तसं मोजलं तर चुकलं काय, असं कुणी म्हणू शकतं. ठीक. पण मग फरक टूलचा आहे की आतल्या एका सुट्या भागाचा, हे वाचकाला सांगायला हवं.

दुसरा मुद्दा, घड्याळ कधी थांबवलं. बदललेला कोड ब्राउझरने वाचला तेव्हा, की बदल खरोखर स्क्रीनवर दिसला तेव्हा? डेव्हलपरच्या दृष्टीने दुसरंच खरं. व्हर्सेलच्या मोजणीत घड्याळ आधी थांबत होतं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात आवडतो, कारण तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तपासता येतो. हजार कंपोनंटच्या चाचणीत टर्बोपॅकला लागले १५ मिलिसेकंद, व्हीटला ८७. भागाकार करा. उत्तर ५.८, म्हणजे साधारण सहापट. पण आलेखात हे आकडे सेकंदात लिहिताना १५ मिलिसेकंदांचे झाले ०.०१ आणि ८७ चे झाले ०.०९. आता भागाकार करा. नऊपट! एकाचा आकडा खाली गेला, दुसऱ्याचा वर, आणि सहापटीचं जवळजवळ दहापट होऊन बसलं.

आणि प्रत्यक्ष फरक किती? ८७ वजा १५, म्हणजे ७२ मिलिसेकंद. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

इव्हान यूच्या स्वतःच्या मोजणीत टर्बोपॅक काही ठिकाणी पुढे होतं आणि काही ठिकाणी दोघं जवळपास बरोबरीत, पण दहापट फरक दिसला नाही. नंतर व्हर्सेलने मोजणीची पद्धत सविस्तर मांडली आणि चाचण्या इतरांना चालवून पाहता येतील अशा खुल्या केल्या. हे त्यांनी चांगलंच केलं. पण पहिल्या दिवशी मथळे गेले ते गेले. खुलाशाच्या मागे तितका गाजावाजा कधीच होत नाही.

इथे थांबून एक लक्षात घ्या. इव्हान यू हासुद्धा तटस्थ पंच नव्हता, तो समोरच्या संघाचा कप्तान होता. म्हणजे या प्रकरणात दावा एका स्पर्धकाने केला आणि तपासला दुसऱ्या स्पर्धकाने. मधे जो पंच असायला हवा होता, तो म्हणजे पत्रकार. बहुतेक ठिकाणी तो निकाल वाचून दाखवणारा निवेदक झाला होता.

आणखी एक गोष्ट मथळ्यात कुठेच नव्हती. ते टूल तेव्हा अल्फा अवस्थेत होतं, म्हणजे चाचणीपुरतं. डेव्हलपमेंटसाठी ते ‘स्टेबल’ असल्याचं नेक्स्ट जेएस १५ बरोबर, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं. तब्बल दोन वर्षांनी.

तीस सर्व्हरचे तीन कसे झाले

हे काही नवीन नाही. लिंक्डइनने २०११ मध्ये आपल्या मोबाइल अ‍ॅपची सर्व्हरची बाजू रुबी ऑन रेल्सवरून नोड जेएसवर नेली. २०१२ मध्ये बातम्या आल्या: ३० सर्व्हरचे ३ झाले, काही कामं २० पट वेगवान झाली. वाचणाऱ्याने निष्कर्ष काय काढला? रेल्स हळू, नोड फास्ट. कितीतरी टीम्समध्ये त्या काळात हीच बातमी दाखवून वाद जिंकले गेले असतील.

मग ते जुनं काम केलेल्या एका माजी इंजिनिअरने लिहून सांगितलं की अहो, ती जुनी यंत्रणा रेल्स १.२ वर होती. ही आवृत्ती २००७ ची. २०१२ मध्ये रेल्स ३.२ आलेलं होतं. शिवाय जुन्या रचनेत एक प्रोसेस एका वेळी एकच विनंती हाताळायची, मागच्या सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत हात बांधून बसायची. नव्या वेळी रचनाच बदलली, कामाची वाटणी बदलली. आणि दुसऱ्यांदा घर बांधताना पहिल्या घरातल्या चुका माहीत असतात, हा फायदा वेगळाच.

म्हणजे आकडे खरे असू शकतात आणि त्यांवरून काढलेला अर्थ चुकीचा असू शकतो. जुनी लाल डब्याची एसटी विकून नवी कार घेतली आणि ‘डिझेलपेक्षा पेट्रोल फास्ट’ असा निष्कर्ष काढला, तर कसं चालेल?

त्याच्याही आधी, मे २००८ मध्ये टेकक्रंचने बातमी दिली की ट्विटर रुबी ऑन रेल्स सोडणार असल्याचं कळतंय. ट्विटरचे सहसंस्थापक इव्हान विल्यम्स यांनी ते लगेच नाकारलं. तसा काही बेत नाही, पण आमचा बराच कोड आधीपासूनच रेल्समध्ये नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे ट्विटरने मागच्या बाजूचे भाग हळूहळू स्काला आणि जावाकडे नेले. म्हणजे बातमी पूर्ण खोटीही नव्हती आणि खरीही नव्हती. खरी गोष्ट अशी होती की मोठी कंपनी एकाच सांगाड्यावर कधीच चालत नाही, जिथे जे चालतं तिथे ते वापरते. पण हे मथळ्यात मावत नाही. ‘रेल्स संपलं’ मावतं. आजची गंमत म्हणजे गिटहब आणि शॉपिफाय रेल्सवर आजही जोरात चालू आहेत.

पत्रकार आळशी आहेत का?

मला तसं वाटत नाही. ‘मीडिया विकला गेलाय’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने काहीच समजत नाही.

‘डॉक्टर डॉब्ज’ नावाचं एक नियतकालिक होतं. १९७६ मध्ये सुरू झालेलं, प्रोग्रामरांनी प्रोग्रामरांसाठी लिहिलेलं, कोड तपासून छापणारं. २०१४ च्या अखेरीस ते बंद झालं. कारण वाचक घटले हे नव्हतं, वेबसाइटवर वाचक तर वाढलेच होते. जाहिरातीचं उत्पन्न आटलं. हजार कंपोनंटची चाचणी स्वतः चालवायची तर एका जाणत्या माणसाचे दोन-तीन दिवस जातात. कंपनीची घोषणा आपल्या शब्दांत लिहायला एक तास पुरतो. दोन्हींना क्लिक सारखेच मिळत असतील, तर साइट कुठला मार्ग घेईल?

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकावरून मराठीत ‘इतक्या पट वेगवान’ असा लेख टाकला होता. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण चूक माझी होती. पत्रकात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की मोजणी त्यांनी स्वतःच, त्यांच्या मशीनवर केली आहे. मी ती ओळ वाचली होती. लेखात घेतली नाही, कारण त्याने मथळा मवाळ झाला असता. तो लेख भरपूर चालला. आजही आठवला की कसंतरी होतं.

फुकटच्या गोष्टीत पैसा कुणाचा?

ओपन सोर्स म्हटलं की आपल्याला वाटतं, हे सगळे समाजसेवक, यांना खोटं बोलायचं कारण काय. बरेचजण खरोखर निःस्वार्थ काम करतात. पण मोठ्या फ्रेमवर्कच्या मागे आज धंदा आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

व्हर्सेल नेक्स्ट जेएस फुकट देते आणि वेबसाइट होस्ट करण्याचे पैसे घेते. स्वेल्टचे रिच हॅरिस नोव्हेंबर २०२१ मध्ये व्हर्सेलमध्ये रुजू झाले. व्ह्यूवर आधारलेलं नक्स्ट बनवणारी नक्स्टलॅब्ज जुलै २०२५ मध्ये व्हर्सेलने घेतली. दुसरीकडे इव्हान यूने व्हॉइडझीरो नावाची कंपनी काढली आणि २०२४ मध्ये अ‍ॅक्सेल या गुंतवणूक कंपनीच्या पुढाकाराने ४६ लाख डॉलर उभे केले.

यात बेकायदा किंवा वाईट असं काहीच नाही. पण उद्या एखाद्या बातमीत ‘ओपन सोर्स समुदायाने सिद्ध केलं’ असं वाचलंत, तर समुदायातल्या नेमक्या कुणी, आणि त्याचा पगार कोण देतं, हे बघायला हवं. बातमी देणाऱ्यालाही हाच नियम. द न्यू स्टॅक ही साइट इनसाइट पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीच्या मालकीची आहे, आणि लेखात मालकाची गुंतवणूक असलेल्या कंपनीचा उल्लेख आला की साइट तसं खाली लिहून सांगते. मला हे पटतं. हितसंबंध असणं हा गुन्हा नाही. तो वाचकापासून लपवला, की मग विश्वास जातो.

चांगलं काम होतं तेव्हा

२०१७ चं उदाहरण घ्या. रिअ‍ॅक्टच्या परवान्यात फेसबुकने पेटंटबद्दल एक जादा अट घातलेली होती. ढोबळमानाने अर्थ असा की तुम्ही फेसबुकवर पेटंटचा दावा ठोकलात, तर रिअ‍ॅक्टसोबत मिळालेला पेटंटचा हक्क गेला. जुलैमध्ये अपाचे फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत असा परवाना चालणार नाही असं ठरवलं. सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसचे मॅट मलनवेग यांनी रिअ‍ॅक्टपासून दूर जाणार असल्याचं जाहीर केलं. आणि त्यानंतर साधारण आठवड्याभराने, २२ सप्टेंबरला फेसबुकने रिअ‍ॅक्ट साध्या एमआयटी परवान्याखाली आणत असल्याची घोषणा केली.

या प्रकरणात बातम्यांचा खरोखर उपयोग झाला. कारण परवान्याचा मजकूर सगळ्यांसमोर होता, निर्णय लेखी होते, वकिलांना विचारता येत होतं. ‘कोण जिंकलं’ यापेक्षा ‘तुमच्यावर काय परिणाम होईल’ हे लिहिलं गेलं.

वेगाच्या बाबतीतही असा मार्ग आहे. टेकएम्पॉवर नावाच्या कंपनीने २०१३ पासून सर्व्हरच्या बाजूच्या फ्रेमवर्कची तुलना खुली ठेवली. चाचणीचा कोड उघडा, आणि आपल्या फ्रेमवर्कवर अन्याय झाला असं वाटलं तर कुणीही सुधारणा पाठवू शकत होतं. त्यातही खोट होतीच. लोक फक्त चाचणीत पहिलं यावं म्हणून खास कोड लिहायचे, बोर्डाच्या परीक्षेला अपेक्षित प्रश्नसंच पाठ करावा तसं. पण निदान ते पकडता तरी यायचं.

लोकप्रियतेचे आकडे

वेगाखालोखाल दुसरा आवडता आकडा म्हणजे डाउनलोड. ‘आठवड्याला इतके कोटी डाउनलोड!’ पण हे डाउनलोड माणसंच करतात असं नाही. कंपन्यांचे सर्व्हर कोड तपासताना तेच पॅकेज दिवसातून पुन्हा पुन्हा उतरवतात. सर्व्हेचंही तसंच. स्वतःहून फॉर्म भरणारे डेव्हलपर हे नव्या गोष्टींचे हौशी असतात. त्यांना जे आवडतं ते जगात सगळीकडे वापरलं जातंच असं नाही. २००६ सालचं जेक्वेरी ‘मेलं’ म्हणून किती वर्षं झाली! आजही जगातल्या निम्म्याहून जास्त वेबसाइट्सवर ते चालू आहे.

मग बातमी वाचताना काय बघायचं?

मी आता पाच प्रश्न विचारतो.

१. मोजणी कुणी केली? बनवणाऱ्यानेच केली असेल, तर ती जाहिरात समजून वाचा. खोटीच असेल असं नाही, पण निवड त्यांची आहे.

२. ‘पट’ सोडून मूळ आकडा काय? दहापट म्हणजे दहा सेकंदांचा एक सेकंद, की ८७ मिलिसेकंदांचे १५?

३. दोन्ही बाजूंना सारखी संधी होती का? आवृत्ती कुठली, सेटिंग कुठलं, मशीन कुठलं?

४. टूल वापरायला तयार आहे का? अल्फा, बीटा हे शब्द मथळ्यात नसतात, आत शोधा.

५. हरलेल्या बाजूचं म्हणणं बातमीत आहे का? नसेल, तर दोन दिवस थांबा. ते येतंच.

मावसभावाचं काय झालं

त्याला मी ‘रिअ‍ॅक्टच शिक’ किंवा ‘सोडून दे’ असं काहीच सांगितलं नाही. म्हटलं, लॅपटॉप उघड आणि दोन्ही चालवून बघ, फुकटच आहे. रविवारी त्याने तेच केलं. मामांचा जुना चार जीबी रॅमचा लॅपटॉप, त्यावर तीच छोटी टू-डू लिस्ट दोन्ही फ्रेमवर्कमध्ये. संध्याकाळी फोन आला. "दादा, मला तर काही फरकच कळला नाही. क्रोम उघडलं की दोन्ही सारखेच हँग होतात."

मग आम्ही पुणे आणि संभाजीनगरच्या फ्रेशरसाठीच्या नोकरीच्या जाहिराती बघत बसलो. जवळपास प्रत्येकीत रिअ‍ॅक्ट होतं. त्याहून महत्त्वाचं, मुलाखतीला काय विचारलं हे त्याने दोन सीनियरना फोन करून विचारलं. दोघांनी सांगितलं की फ्रेमवर्क कमी आणि साधं जावास्क्रिप्ट जास्त विचारलं. आता तो क्लास चालू ठेवून सकाळी तासभर बिनफ्रेमवर्कचं जावास्क्रिप्ट करतोय. फ्रेमवर्क पाच वर्षांनी बदलेलही, पण हे वाया जाणार नाही.

आणि माझ्यापुरता एक नियम मी करून घेतलाय. इथे यापुढे वेगाचा कुठलाही आकडा दिला, तर तो कुणी मोजला हे त्याच वाक्यात लिहीन. स्वतः चालवून पाहिलं नसेल, तर तसं सांगेन. मी विसरलो तर मला बिनधास्त विचारा.